सोन्याच्या भावाची रोजकीर्द

कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन घेऊन बाहेर पडलेला मनुष्य जवळच्याच गुजरीत शिरला, म्हणजे ज्या पेठेत साज, ठुशी, बोरमाळ आणि पुतळ्यांची माळ घडविणाऱ्या कारागिरांच्या कित्येक पिढ्या नांदल्या, त्या पेठेतील दुकानादुकानांतून त्याला आजच्या भावाचा फलक हटकून दिसतो. त्या फलकावर आजचा आकडा असतो. कालचा पुसलेला असतो. ज्याला मुलीच्या लग्नासाठी साज करावयाचा आहे, किंवा कारखान्याकडून उसाचे बिल जमा होताच दोन तोळे घेऊन ठेवावयाचे आहेत, त्याचे काम या एका आकड्यावर भागते, कारण त्याला आजच द्यावयाचे आणि आजच घ्यावयाचे असते. परंतु जो गृहस्थ सोने अंगावर न घालता, तिजोरीतही न ठेवता, सुवर्ण निधीच्या युनिटांच्या रूपाने आपल्या डीमॅट खात्यात ठेवू पाहतो, त्याच्यापुढे निराळीच सामग्री येऊन पडते: गेल्या पंधरा-वीस वर्षांतील प्रत्येक कामकाजी दिवसाचा भाव, ओळीखाली ओळ, हजारो ओळींनी भरलेला. ही एक रोजकीर्दच असून, ज्याने कधी दुकानाची किंवा सोसायटीची कीर्द वाचली आहे त्याला हे ठाऊक असते, की कीर्दीतील रक्कम वाचणे आणि ती रक्कम कशाची बनली आहे हे जाणणे या दोन भिन्न गोष्टी होत. सुवर्ण निधीच्या भावात किमान चार हात मिसळलेले असतात: जगाच्या बाजारातील सोने, रुपया आणि डॉलर यांचा विनिमयदर, सरकारची आयात जकात, आणि निधीचा स्वतःचा खर्च. हे चार हात वेगळे काढता आल्यावाचून जुन्या भावांच्या तक्त्यावरून काढलेला कोणताही निष्कर्ष विश्वासार्ह धरता येत नाही, असे माझे मत आहे, आणि प्रस्तुत प्रकरणात तेच सोदाहरण मांडावयाचे आहे.

प्रथम या निधीचे स्वरूप. सोन्याच्या विटा तिजोरीत ठेवून त्यांच्या मालकीचे लहान लहान हिस्से शेअर बाजारात विकावयाचे, ही कल्पना प्रत्यक्षात प्रथम ऑस्ट्रेलियात 2003 साली आली. अमेरिकेतील सर्वांत मोठा सुवर्ण निधी नोव्हेंबर 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात उतरला. आणि भारतात ‘बेंचमार्क’ या म्युच्युअल फंड संस्थेचा ‘गोल्ड बीज’ हा निधी मार्च 2007 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदला गेला. पुढे त्या संस्थेचे धनी दोन-तीनदा बदलले आणि आज तो निधी निप्पॉन इंडियाच्या नावाने चालतो, तरी त्याच्या भावांची साखळी अखंड असल्याने आपल्याकडील सुवर्ण निधींच्या इतिहासाचा तोच सर्वांत लांब दस्तऐवज होय. आरंभी त्याचे एक युनिट सुमारे एक ग्रॅम सोन्याएवढे होते. लंडनचा त्या वेळचा भाव औंसाला सुमारे 650 डॉलर आणि डॉलरचा भाव सुमारे 44 रुपये असल्यामुळे, एका युनिटाची किंमत नऊशे रुपयांच्या थोडी वर पडत होती.

या निधीतील सोने हजार भागांत किमान 995 भाग शुद्ध असावे लागते. गुजरीतील दागिना बहुधा 22 कॅरटचा, म्हणजे हजारात 916 शुद्धतेचा; शिवाय साजाचे मणी लाखेवर घडविलेले असल्याने त्याच्या वजनातून लाख वजा करावी लागते, आणि भावावर घडणावळ व वस्तू-सेवा कर चढतो तो निराळा. म्हणून निधीच्या भावाची दागिन्याच्या पावतीशी थेट तुलना करणे चुकीचे ठरते. शुद्धतेचे हे महत्त्व आपल्या भागाला नवे नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूंतून निघालेली माणसे सोने-चांदीच्या गलाईचा धंदा घेऊन साऱ्या भारतभर पसरली, आणि परप्रांतातील सराफ आपली मोड त्यांच्या मुशीत निर्धास्तपणे टाकतात, ती त्यांनी काढून दिलेला कस खरा असतो म्हणून. निधीच्या बाबतीत हे कस लावण्याचे काम परवानाप्राप्त शुद्धीकरणशाळेचा शिक्का करतो, एवढाच फरक.

आता तक्त्याकडे वळू. एका दिवसाच्या ओळीत तारीख, उघडता भाव, दिवसातील उच्चांक, नीचांक, बंद भाव आणि किती युनिटांचे सौदे झाले त्याची संख्या, असे रकाने असतात. त्याखेरीज निधीची संस्था दररोज युनिटाचे निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे एनएव्ही, स्वतंत्रपणे जाहीर करते. बंद भाव हा खरेदीदार आणि विक्रेता यांच्या घासाघिशीतून ठरतो. एनएव्ही ही तिजोरीतील सोन्याची आकारणी असते. या दोन आकड्यांत अंतर का पडते हे पाहू जाता, एक बारीक परंतु अर्थपूर्ण गोष्ट हाती लागते. सेबीच्या नियमांनुसार दीर्घकाळ ही आकारणी लंडनच्या सकाळच्या भावावरून होत आली. लंडनमध्ये सोन्याचा भाव ठरविण्याची प्रथा 1919 पासूनची. आरंभी मोजक्या पेढ्यांचे प्रतिनिधी रॉथशील्ड यांच्या कचेरीत बसून तो ठरवीत, आणि मार्च 2015 पासून तो संगणकीय लिलावाने ठरतो. सकाळच्या लिलावाची वेळ साडेदहाची. उन्हाळ्यात लंडनची घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे तीन वाजलेले असून मुंबईचा बाजार अद्याप चालू असतो. हिवाळ्यात मात्र आपल्याकडे चार वाजतात आणि साडेतीनला बंद झालेल्या बाजाराला त्या भावाची वार्ताही नसते. तात्पर्य, अशा आकारणीच्या काळातील डिसेंबरची बंद भाव आणि एनएव्ही यांतील तफावत आणि जूनमधील तफावत एकाच मापाने मोजता येत नाही. याच जातीची आणखी एक ओळ दरवर्षी दिवाळीत येते: लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताचे सौदे तासाभराचेच असतात, त्यांत भावापेक्षा शकुनाला मान असतो, आणि तरीही तक्त्यात ती ओळ इतर दिवसांच्या पंक्तीला बसलेली असते. सौद्यांची संख्या पाहिल्याखेरीज भावावर विश्वास टाकू नये, हा नियम लहान निधींच्या बाबतीत तर फारच काटेकोरपणे पाळला पाहिजे. जेथे दिवसाला मोजकी युनिटे हात बदलतात तेथे एखाद्या उतावीळ खरेदीदाराने दिलेला भाव उच्चांकाच्या रकान्यात कायमचा नोंदून राहतो.

बाजारभाव आकारणीपासून किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण सोन्यापेक्षा चांदीने अधिक ठळकपणे दिले, आणि हुपरीसारखे चांदीचे गाव ज्या जिल्ह्यात आहे तेथील वाचकाला ते सांगणे अप्रस्तुत होणार नाही. 2025 च्या दिवाळीपूर्वी चांदीची इतकी टंचाई पडली, की चांदीच्या निधींची युनिटे आपल्या एनएव्हीच्या बरीच वर विकली जाऊ लागली आणि काही फंड संस्थांनी या युनिटांत पैसे गुंतविणाऱ्या आपल्या योजनांत नवीन रकमा स्वीकारणे काही काळ थांबविले. त्या दिवसांचा बंद भाव पाहून चांदीच्या मूल्याचा अंदाज बांधणारा फसेल. त्याने एनएव्हीचा रकाना पाहिला पाहिजे.

निधीच्या खर्चाचा हात हा चौघांतील सर्वांत शांत, म्हणून सर्वांत दुर्लक्षित. तिजोरीचे भाडे, विमा, व्यवस्थापनाचा मेहनताना यांसाठी संस्था दरसाल काही अंश आकारते. ही रक्कम कोणाच्या खात्यातून वजा झालेली दिसत नाही, कारण ती युनिटामागच्या सोन्यातूनच वजा होते. अमेरिकेतील त्या मोठ्या निधीचे एक युनिट 2004 साली औंसाच्या दहाव्या भागाइतके होते. दरसाल शंभर डॉलरांस 40 सेंट एवढाच खर्च असूनही वीस वर्षांत त्या युनिटामागील सुमारे आठ टक्के सोने कमी झाले. आपल्या गोल्ड बीजचा खर्च बराच काळ दरसाल एक टक्क्याच्या घरात होता. डिसेंबर 2019 मध्ये लंडनचा भाव, विनिमयदर आणि साडेबारा टक्के जकात धरून एक ग्रॅम सोने सुमारे 3,790 रुपयांना पडत असता, आरंभी एक ग्रॅमचे असलेले युनिट चौतीसशेच्या आत होते. पावणेतेरा वर्षांत दहाव्या हिश्शाहून थोडे अधिक सोने झिजले होते. जुना सराफ याला घट म्हणेल आणि त्याचे म्हणणे यथार्थ असेल. ज्यांनी एक युनिट म्हणजे एक ग्रॅम हे समीकरण मनात पक्के धरून ठेवले होते, त्यांचा सारा हिशेब त्या प्रमाणात चुकत होता.

याच डिसेंबर 2019 मध्ये त्या निधीने आपल्या एका युनिटाचे शंभर भाग केले. मालकाच्या मिळकतीत काडीचा फरक पडला नाही: ज्याच्याजवळ 10 युनिटे होती त्याच्याजवळ 1,000 झाली. परंतु ज्या तक्त्यात हा फेरफार मागील भावांना लावलेला नाही, त्यात एका दिवशी चौतीसशेच्या आतला भाव आणि दुसऱ्या दिवशी चौतीसच्या आतला भाव अशी नोंद दिसते, आणि यंत्राकडून वार्षिक परतावा काढून घेणाऱ्याला त्या वर्षी सोन्याचे नव्व्याण्णव टक्के मूल्य नष्ट झाले असा अद्भुत निष्कर्ष मिळतो. म्हणून जुना तक्ता हाती घेताच पहिले काम हे, की त्याच्या शीर्षावर ‘समायोजित’ असा शब्द आहे की नाही ते पाहावे. नसेल तर डिसेंबर 2019 मधील त्या विभागणीपूर्वीचा प्रत्येक भाव शंभराने भागावा. जमिनीच्या सातबाऱ्यावर वाटणीची नोंद झाल्यावाचून क्षेत्राची रुजवात जशी लागत नाही, तसेच येथे.

आता जगाचा भाव, रुपया आणि जकात हे उरलेले तीन हात एका दिवसाच्या ओळीत कसे एकत्र येतात ते जवळून पाहू. दिवस घेऊ 28 ऑगस्ट 2013. त्या दिवशी रुपया डॉलरमागे 68 च्या पलीकडे घसरला होता. तोवरची ती विक्रमी घसरण. लंडनचा भाव औंसाला सुमारे 1,420 डॉलर होता. 1,420 ला साडेअडुसष्टने गुणले असता औंसाचे 97,270 रुपये होतात. औंस म्हणजे 31.1035 ग्रॅम, त्यामुळे दहा ग्रॅमला सुमारे 31,270 रुपये पडले; त्यावर त्याच महिन्यात वाढवून दहा टक्के केलेली जकात मिळविली की आकडा सुमारे 34,400 वर येतो, आणि त्या दिवशीचा आपल्याकडील बाजारभावही याच परिसरात, तोवरच्या इतिहासातील सर्वोच्च पातळीवर होता. आता दोन वर्षे मागे जाऊ. सप्टेंबर 2011 मध्ये लंडनचा भाव 1,895 डॉलर या शिखरावर होता, डॉलर सुमारे 46 रुपयांचा होता, आणि जकात टक्केवारीने नसून दहा ग्रॅमला सरसकट 300 रुपये होती. त्याच रीतीने हिशेब केल्यास दहा ग्रॅमचे सुमारे 28,300 रुपये येतात. म्हणजे या दोन वर्षांत जगातील सोने एक चतुर्थांशाने स्वस्त झाले असता कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला ते एक पंचमांशाहून अधिक महाग मिळत होते. ज्याने फक्त रुपयांतील आलेख पाहिला त्याला वाटले, सोने तेजीत आहे. वस्तुतः सोने उतरत होते आणि रुपया त्याहून वेगाने उतरत होता, व सरकारने चालू खात्यावरील तूट आवरण्यासाठी जकात 2012 च्या जानेवारीत टक्केवारीवर आणून दोनवरून चार, सहा, आठ आणि दहा अशी पायरीपायरीने चढविली होती. एकच आलेख, पण त्याच्या चढाला तीन कारणे, आणि त्या तिघांतील एक कारण खुद्द सोन्याविरुद्ध बोलणारे.

28 ऑगस्ट 2013 रोजी ज्याने युनिटे घेतली त्याची पुढील गती काय झाली? डिसेंबर 2015 मध्ये लंडनचा भाव 1,050 डॉलरपर्यंत खाली आला, शिखरापासून जवळजवळ पंचेचाळीस टक्के उतरून. आपल्याकडे मात्र साडेसहासष्ट रुपयांचा डॉलर आणि दहा टक्के जकात यांच्या टेकूने भाव पंचवीस हजारांच्या आसपास टिकला. ऑगस्ट 2013 चा उच्चांक पुन्हा ओलांडला गेला तो जुलै 2019 मध्ये, जवळजवळ सहा वर्षांनी, आणि तोही ज्या महिन्यात अर्थसंकल्पाने जकात दहावरून साडेबारा टक्क्यांवर नेली त्याच महिन्यात. सहा वर्षे व्याज नाही, वाढ नाही, आणि निधीचा खर्च मात्र दरसाल चालूच. सोने कधी बुडत नाही असे ज्या घरांतून ठामपणे सांगितले जाते, त्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा मी पूर्ण आदर करतो. तथापि त्यांचा अनुभव दोन पिढ्यांचा असतो आणि गुंतवणुकीची गरज पुष्कळदा पाच-सहा वर्षांची असते, हे विसरून चालणार नाही.

जकातीचा हात उलट दिशेनेही फिरतो. 1 जुलै 2022 पासून सोन्यावर सर्व मिळून पंधरा टक्के आयात कर होता. 23 जुलै 2024 रोजी अर्थमंत्र्यांनी तो एका घोषणेने सहा टक्क्यांवर आणला. त्या दिवशी लंडनमध्ये सोने पडलेले नव्हते. परंतु भारतात दहा ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपये एका दिवसात उतरले, आणि सुवर्ण निधींच्या युनिटांनीही तोच मार्ग धरला. पंधरा टक्के कराचे मूल्य सहा टक्क्यांवर येणे म्हणजे गणिताने पावणेआठ टक्क्यांहून थोडी अधिक घट; ती अर्धीअधिक पहिल्याच दिवशी भावात उतरली. यावरून सुवर्ण निधीच्या अस्थिरतेची मापे काढणाऱ्यांनी हा दिवस बाजूला काढून पाहिला पाहिजे, कारण तो बाजाराचा दिवस नव्हता, हुकुमाचा दिवस होता. निधीचे सोने कर भरून आत आलेले असल्याने त्या कराची किंमत मालकाच्या हाती असते खरी, पण ती किंमत पुढील अर्थसंकल्पाच्या मर्जीवर टिकून असते.

आता आणखी मागे, निधी अस्तित्वात येण्यापूर्वीच्या काळात. स्वातंत्र्यापासून आजपर्यंतच्या सोन्याच्या भावाचा एक तक्ता दर पाडव्याला आणि दसऱ्याला फोनवरून घरोघर फिरतो, आणि सत्तर-ऐंशी रुपयांचे सोने लाखाच्या पुढे गेले हे पाहून वाचणाऱ्याचे डोळे दिपतात. त्या तक्त्याविषयी तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, वजनाची: दशमान मापे 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यापूर्वीचा भाव तोळ्याचा असे, आणि तो तोळा 11.66 ग्रॅमचा होता, आजच्या बोलीतील दहा ग्रॅमचा नव्हे. म्हणून जुना आकडा तोळ्याचा असेल तर त्यातील सातवा हिस्सा वजा केल्याखेरीज तो आजच्या आकड्याशेजारी मांडता येत नाही, आणि फिरत्या तक्त्यांवर माप कोणते याचा उल्लेख बहुधा नसतो. दुसरी गोष्ट कायद्याची. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असता सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला आणि नवे दागिने चौदा कॅरटच्या वर घडविण्यास बंदी आली. त्या हुकुमाने देशभरच्या सुवर्णकारांच्या चुली विझण्याची वेळ आली आणि कित्येकांनी पिढीजात धंदा सोडला. 1968 च्या कायद्याने नियंत्रण कायम केले, ते 1990 मध्ये उठले. आयात पुढील काही वर्षांत क्रमाक्रमाने खुली झाली. या तीस वर्षांतील भारतीय भाव हा बंद दारामागचा भाव होता: चोरट्या आयातीची जोखीम त्यात मिसळलेली असे, आणि लंडनच्या भावाशी त्याचा संबंध आजच्यासारखा सरळ नव्हता. त्या काळाचे आकडे 2007 नंतरच्या निधीच्या आकड्यांना जोडून एक सलग रेषा काढणे म्हणजे संस्थानी अमदानीतील महसूल आणि आजचा कर एकाच खतावणीत मांडणे होय.

तिसरी गोष्ट विनिमयाची, आणि ती मला सर्वांत बोधप्रद वाटते. जानेवारी 1980 मध्ये लंडनचा भाव 850 डॉलरच्या शिखराला पोचला. जुलै 1999 मध्ये तो सुमारे 252 डॉलर होता. साडेएकोणीस वर्षांत सोन्याने डॉलरमधील आपल्या मूल्याचे सत्तर टक्के गमावले. परंतु 1980 साली डॉलर सुमारे आठ रुपयांचा होता आणि 1999 साली त्रेचाळीस रुपयांच्या वर. मधल्या काळात, जुलै 1991 मध्ये, परकीय चलनाच्या अडचणीमुळे रिझर्व्ह बँकेला 47 टन सोने इंग्लंडला तारण ठेवावे लागले होते आणि त्याच महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले होते. केवळ विनिमयदराने हिशेब केल्यास दहा ग्रॅमचे मूल्य 1980 मध्ये सुमारे 2,190 रुपये आणि 1999 मध्ये सुमारे 3,500 रुपये येते. म्हणजे ज्या सोन्यात अमेरिकन माणूस सत्तर टक्क्यांनी बुडाला त्याच सोन्यात भारतीय माणूस साठ टक्क्यांनी वर होता. तो खरोखर वर होता काय? याच काळात आपल्याकडील औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक पाच पटींच्या आसपास वाढला. ज्वारी, कापड, घरभाडे आणि डॉक्टरची फी पाचपट झाली असता ज्याचे सोने दीडपटीच्या जरा वर गेले, तो रुपयांत श्रीमंत आणि व्यवहारात गरीब झाला होता, आणि रुपयांतील तक्ता त्याला हे कधीही सांगणार नव्हता.

परताव्याच्या टक्केवारीसंबंधी थोडेच पुरे, कारण त्यातील फसगत एकाच ठिकाणी असते: आरंभीची तारीख कोणी निवडली. सरकारी सुवर्णरोख्यांची पहिली मालिका नोव्हेंबर 2015 मध्ये ग्रॅमला 2,684 रुपयांनी निघाली आणि आठ वर्षांनी, नोव्हेंबर 2023 मध्ये, 6,132 रुपयांनी फेडली गेली. चक्रवाढीने दरसाल सुमारे 10.9 टक्के, शिवाय व्याज वेगळे. मात्र नोव्हेंबर 2015 हा सोन्याच्या दीर्घ मंदीच्या तळालगतचा महिना होता. सप्टेंबर 2011 पासून मोजल्यास त्याच नोव्हेंबर 2023 पर्यंतचा दर साडेसहा टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि ऑगस्ट 2013 ते जुलै 2019 घेतल्यास शून्य. तिन्ही आकडे खरे आहेत. म्हणून एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतचा एकच परतावा विचारण्याऐवजी, तक्त्यातील प्रत्येक महिन्यापासून पुढील पाच वर्षांचा परतावा काढून त्यांतील उत्तम, मध्यम आणि अधम असे तिन्ही एकत्र पाहावेत. संगणकावर हे काम थोड्या वेळाचे आहे, आणि त्याने जे कळते ते जाहिरातीतील एका ठळक आकड्याने कळत नाही.

उरला मोजपट्टीचा प्रश्न. डॉलर ही जगाची पट्टी, रुपया ही बाजाराची; पण कोल्हापूर जिल्ह्यातील ज्या असंख्य कुटुंबांच्या घरात पैसा उसातून येतो, त्यांची खरी पट्टी ऊस आहे, आणि दहा ग्रॅम सोन्याला किती टन ऊस घालावा लागला हा रकाना त्यांनी आपल्या तक्त्यात स्वतः वाढवावा, असे मी आग्रहाने सांगेन. केंद्र सरकारने ठरविलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, 2011-12 च्या हंगामाला क्विंटलमागे 145 रुपये होता. अठ्ठावीस हजारांच्या सोन्याला तेव्हा एकोणीस टनांच्या थोडा वर ऊस लागत होता. 2015-16 मध्ये दर 230 आणि सोने सुमारे पंचवीस हजार: केवळ अकरा टन. रुपयांच्या तक्त्यात या चार वर्षांत सोने एक दशांशाने उतरलेले दिसते. उसाच्या पट्टीने ते जवळजवळ निम्म्यावर आले होते, आणि शेतकऱ्याने सोने घेण्याचा तो अलीकडच्या काळातील अत्यंत अनुकूल समय होता. त्या वर्षांत सोन्याविषयी निराशेचा सूर सर्वत्र होता हेही तितकेच खरे. त्यानंतर काटा उलट फिरला. ऑक्टोबर 2025 मध्ये लंडनचा भाव 4,000 डॉलर ओलांडून गेला, आपल्याकडे दहा ग्रॅमला एक लाख वीस हजारांवर रुपये पडू लागले, आणि 2025-26 चा एफआरपी 355 रुपये धरल्यास त्या दहा ग्रॅमला सुमारे चौतीस टन ऊस द्यावा लागत होता.

येथे मात्र पट्टीचीही रुजवात केली पाहिजे. 2011-12 चा 145 रुपयांचा दर साडेनऊ टक्के साखर उताऱ्याला होता. 2018-19 पासून पायाभूत उतारा दहा टक्के झाला आणि 2022-23 पासून सव्वादहा. म्हणजे 355 रुपये हे अधिक गोड उसाचे मोल आहे. साडेनऊ किंवा त्याहून कमी उताऱ्याच्या उसाला 2025-26 मध्ये सरकारने 329 रुपये 5 पैसे ठरविले आहेत, आणि समान उसाशी समान ऊस ताडून पाहिला तर चौतीस टनांचे साडेछत्तीस होतात. कोल्हापूर विभागाचा उतारा राज्यात वरच्या क्रमांकाचा असल्याने येथील शेतकऱ्याच्या पदरात टनामागे यापेक्षा अधिक पडते, तेव्हा त्याने आपल्या कारखान्याच्या बिलावरील आकडा घेऊनच हा रकाना भरावा.